हँडलचा मान

देवळाली प्रवरा येथील जुनी इंजिने हौशी मंडळाकडे एक इंजिन, चार सभासद आणि आठ गुडघे असून, या सर्वांत इंजिनाची प्रकृती उत्तम आहे.

इंजिन जुन्या जीपचे. जीपचा सांगाडा कधीच गेला. इंजिन मात्र मंडळाचे चिटणीस भिमाजी यांच्या शेडात लाकडी ओंडक्यांवर बसवले आहे. दर रविवारी ते हँडल मारून चालू करायचे आणि मग चहा प्यायचा, असा रिवाज. कधीकाळी त्या हँडलसाठी धक्काबुक्की व्हायची. म्हणून नियम झाला की हँडल मारण्याचा मान सर्वांत ज्येष्ठ सभासदाचा. त्याच्याआधी कुणी हात लावल्यास तो मंडळाचा अवमान समजण्यात येईल. नियम चांगलाच होता. फक्त ज्येष्ठ सभासद दरवर्षी अधिकच ज्येष्ठ होत जातो, याची तरतूद राहून गेली.

अध्यक्ष आप्पासाहेबांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले, तेव्हा त्यांनी हँडलला नुसता हात लावावा आणि ज्येष्ठतेत दुसऱ्या काकासाहेबांनी ते फिरवावे असे ठरले. पुढे काकासाहेबांच्या कमरेला पट्टा आला. मग 'इंजिन चालू झाल्याचे गृहीत धरून चहा देण्यात यावा' असा ठराव एकमताने झाला. चालू इंजिनाजवळ बोलायची सवय असल्याने सभासद त्या शांततेतही ओरडूनच बोलत. विषय ठरलेला असे: हल्लीच्या पोरांना कशाची हौस राहिली नाही.

अखेर भिमाजींच्या पत्नी चांगुणाबाईंनी निर्वाणीचे सांगितले. "माझी म्हैस उघड्यावर भिजती, आन् तुमचं लोखंड छपराखाली! रविवारी चालू झालं तर ऱ्हाऊ द्या. न्हाई झालं तर भंगारवाल्याचा टेम्पो सांगून ठिवलाय."

भिमाजी आठवडाभर नीट जेवले नाहीत. त्यांनी इंजिन पुसले, तेल बदलले, पेट्रोल भरले. हँडल मारणे मात्र त्यांच्या हातात नव्हते. एक तर बायपास झालेली, आणि ज्येष्ठतेत ते शेवटचे.

रविवारी टेम्पो दारात उभा राहिला. सभा सुरू झाली. चहा घेऊन आलेली भिमाजींची सून दिपाली म्हणाली, "मामंजी, मी मारू का हँडल?"

आप्पासाहेबांनी ट्रेवरचा कप उचलला.

"पोरी, उत्साह चांगला हाय," आप्पासाहेब म्हणाले, "पन तू सभासद न्हाईस."

"मग करा की."

"साठीच्या आत करता येत न्हाई," तिसरे सभासद पुंजाराम म्हणाले. "तरन्या पोरांना हौस नसती, म्हनून तसा नियमच केलाय."

तरीही विषय चर्चेला घेण्यात आला. चर्चा रंगलेली पाहून दिपालीने ट्रे खाली ठेवला. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, नाहीतर हँडल उलटे मारते, हे ती दर रविवारी चहा देता देता ऐकत आली होती. तिने दोन झटके दिले. इंजिन खोकले, धूर सोडला आणि सुरू झाले.

भिमाजींच्या डोळ्यांत पाणी आले. काकासाहेब पट्टा विसरून ताडकन उभे राहिले. तेवढ्यात आप्पासाहेबांनी कप आपटला. मान डावलला गेला होता. सदर इंजिन नियमानुसार चालू झालेले नाही, असा ठराव मांडण्यात आला. भिमाजींनीही हात वर केला. एकमताची परंपरा मोडण्याचा त्यांना धीर झाला नाही.

"चालू हाय का न्हाई?" चांगुणाबाईंनी दारातून विचारले.

"नियमानं न्हाई!" भिमाजी ओरडले. इंजिनाच्या आवाजात हळू बोललेले ऐकू गेले नसते.

चांगुणाबाईंनी नवऱ्याकडे पाठ फिरवली. मग त्या टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "भंगारात नगं. पलीकडच्या अंगनात चिंचेखाली उतरव. दिपालीचं हाय ते."

आता दर रविवारी भिंतीपलीकडे इंजिन चालते. हँडलसाठी गल्लीतल्या पोरापोरींची धक्काबुक्की होते. भिंतीअलीकडे शेडात, म्हशीशेजारी, मंडळाची सभा भरते. 'नव्या पिढीतील घटती हौस' या विषयावर बोलताना वक्त्यांना त्या आवाजामुळे फार ओरडावे लागते. भिमाजी अधूनमधून बोलायचे थांबतात आणि नुसते ऐकत बसतात.

मंडळाची सभासद नोंदणी चालू आहे. वयाची अट शिथिल केली आहे. 'हल्लीच्या पोरांना कशाची हौस नाही' हे वाक्य आयुष्यात एकदा तरी म्हटलेले असावे, इतकेच. अर्ज करण्याची तसदी घेऊ नये. आपले नाव आम्ही केव्हाच घातले आहे.