कपारआप्पाचा थांबा

आधीच सांगून ठेवते, न थांबता बोलण्यात आख्ख्या किनवट तालुक्यात माझा हात कुणी धरणार नाही! जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ढाल आणल्यापासून तर घरात दूध उतू गेलं तरी मी ‘उपस्थित बंधू-भगिनींनो’ अशीच सुरुवात करते. तेव्हा एका सहल कंपनीने आमच्या जंगलातल्या जुन्या रेल्वे फाट्यावर कोळशाचं इंजिन आणि निजामाच्या काळातले लाकडी डबे फिरवायचं ठरवलं, आणि दर रविवारी प्रवाशांना मराठीतून माहिती सांगणारी मुलगी आहे का म्हणून आमच्या शाळेत विचारलं, तेव्हा हेडसरांनी ‘मंजुश्री’ म्हणायच्या आधीच मी उभी होते!

अट एकच. चाचणीची एक फेरी नीट पार पाडायची. पडली तर रविवारची गाईड मी. नाहीतर नांदेडहून कॉलेजवाली ऋतुजा येणार होती, जिला म्हणे तीन भाषा येतात. मी तोवर वर्गात, ट्यूशनमध्ये आणि वडिलांच्या किराणा दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून टाकलं होतं की नोकरी लागली. त्यामुळे हरायची सोयच उरली नव्हती.

चाचणीसाठी कंपनीने हदगावकडची माणसं बोलावली होती. ती गाडीतून उतरली की पुढे माहूरला देवीच्या दर्शनाला जाणार होती, म्हणून प्रत्येकाच्या पिशवीत नारळ, कापूर, ओटीचं सामान. आणि त्यांच्यात माझी आई! मी बोलताना कोण हसतंय ते बघायला आली होती. हसणाऱ्याचं ती काय करणार होती ते मी विचारलं नाही.

शेवटच्या डब्याला मागे उघडा सज्जा होता. तिथे उभी राहून मी भोंगा तोंडाला लावला आणि सुटले. निजाम, साग, बिबटे, पैनगंगा, धबधबे, सगळं! पंधरा दिवस पाठ केलं होतं आणि एकही शब्द चुकला नाही. फक्त एक हिशेब चुकला. मी बोलते पावसाळ्यातल्या ओढ्यासारखी आणि ते इंजिन चालत होतं पोटभर जेवलेल्या पाहुण्यासारखं. रुळाकडेची एक शेळी आमच्या पुढे गेली आणि मागे वळून आमची वाट बघत थांबली! खरी दरी सुरू झाली, दोन्हीकडे काळे कडे उभे राहिले, खाली नदी दोऱ्याएवढी दिसायला लागली, आणि माझं भाषण संपलं होतं.

 कंपनीचे वीरेश सर हैदराबादहून आलेले. ते खिडकीशी बसून आधी माझ्याकडे आणि मग घड्याळाकडे बघत होते. बघताना त्यांनी मोबाइल काढला. मला त्या मोबाइलमध्ये ऋतुजाचा नंबर दिसायला लागला.

तेवढ्यात कड्याच्या एका कपारीत एक दगड दिसला. गोल, पोट सुटलेला, मांडी घालून बसल्यासारखा. आमचे पीटीचे सर डबा खाल्ल्यावर बसतात तसा. आणि माझ्या तोंडाने, मला न विचारता, सुरुवात केली.

“उपस्थित बंधू-भगिनींनो, डावीकडे पाहा. हे कपारआप्पा. लई जागृत ठिकाण. आप्पाला नारळ दिल्याशिवाय या दरीतून कुणी पुढं जात नाही, असं जुनी माणसं सांगतात.”

कोणती जुनी माणसं? मला काय माहीत! घाटात एस.टी.चा ड्रायव्हर देवळापाशी गाडी हळू करतो, लोक नाणी टाकतात, ते डोक्यात होतं म्हणून बोलून गेले. पण वीरेश सरांनी मोबाइल खिशात ठेवला. मी जिंकले!

दगड मागे पडला. तोवर पार्वतीबाई उठून माझ्यापाशी आल्या. हदगावच्या, सत्तरीच्या पुढच्या, सगळ्या डब्याने ज्यांच्याकडे बघून बसायचं-उठायचं ठरवलं होतं अशा.

“पोरी, गाडी कुठं थांबती नारळाला?”

मी म्हणाले, गाडी थांबत नाही.

“मग पुढं कसं जायलो आपण?”

 पार्वतीबाईंनी शेजारणीला विचारलं, शेजारणीने पलीकडे विचारलं, आणि बघता बघता सगळ्या डब्यात एकच प्रश्न फिरायला लागला. नेमका त्याच वेळी कड्यावरून एक खडा सुटून टपावर पडला. लिंबाएवढा असेल. आवाज मात्र असा आला की सगळ्यांनी घाबरून हात जोडले. सटवाजीमामा म्हणून एक कापूसवाले शेतकरी होते, त्यांनी कुणाला काही न विचारता वरची साखळी ओढली.

गाडी थांबली. इंजिन लोखंडी पुलावर, आम्ही मागे चढावर, आणि एका बाजूला दरी आ वासून.

वीरेश सर पुढे इंजिनकडे धावले. परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्याला रंग नव्हता. ड्रायव्हर सिद्धराम म्हणत होता की या चढावर थांबलेलं इंजिन जागेवरून उठणार नाही, मागे सपाटीला जाऊन धाव घ्यावी लागेल. आणि जुन्या गाडीचे ब्रेक हवेवर धरलेले, ते फार वेळ धरून राहत नाहीत. सगळ्यांना आत बसवा, कुणाला उतरू देऊ नका.

मी मागे बघितलं. निम्मा डबा उतरला होता! रुळांवरून ओळीने दगडाकडे चालला होता, हातात नारळ घेऊन. सगळ्यांत पुढे पार्वतीबाई, आणि त्यांच्या मागे कापराची वडी घेऊन माझी आई.

मी हाका मारल्या. त्यांना वाटलं मी घाई करायला सांगतेय, म्हणून सगळे आणखी भराभर चालायला लागले. दगडापाशी पोचल्यावर नारळ फोडायला काहीतरी टणक हवं, तर समोर रूळ! सटवाजीमामा रुळावर बसूनच नारळ फोडायला लागले. आईने दोन रुळांच्या मधोमध कापूर लावला. सगळे टाळ्या वाजवत आरतीला उभे राहिले, डोळे मिटून.

आणि माझ्या पायाखालची फळी हलली. झाडं पुढे सरकायला लागली. म्हणजे आम्ही मागे जात होतो.

गार्डकाका डब्याच्या कोपऱ्यातलं हातब्रेकचं चाक फिरवत होते, पण ते गंजलेलं, इंच इंच फिरत होतं. वीरेश सर सज्ज्यातून ओरडत होते की ट्रॅक सोडा, प्लीज ट्रॅक सोडा. त्यांचा आवाज आरतीत विरघळून जात होता. गाडीला वेग काही नव्हता, बैलगाडीएवढाच. पण बैलगाडीला बैल असतात, ते माणूस बघून थांबतात. आई डोळे मिटून कापराशी उभी होती. मला तिच्या हिरव्या पातळाचे काठसुद्धा दिसत होते.

मी भोंगा उचलला. ‘आई’ म्हणायचं होतं, पण त्या गर्दीत आया किती होत्या! मग मी स्पर्धेतला सगळ्यात मोठा आवाज काढला.

“आरती रुळावर चालत नाही! आप्पाचा नियम हाय. कपारीत जाऊन, दगडाला पाठ लावून, डोळे उघडे ठेवून म्हणायची!”

पार्वतीबाईंनी डोळे उघडले. समोर गाडीची पाठ बघितली की नाही, देव जाणे. पण नियम म्हटल्यावर त्या हलल्या, आणि त्या हलल्या तशी सगळी रांग कपारीत शिरली. सटवाजीमामा नारळाचं अर्धं भकल विसरले म्हणून परत वाकले, तर आईने त्यांचं धोतर धरून मागे ओढलं. माझा सज्जा त्या सगळ्यांसमोरून सरकला. गार्डकाकांचं चाक करकरलं. गाडी थांबली.

बरोब्बर कपारआप्पासमोर!

मला रडू फुटलं. त्यांना वाटलं माझ्या अंगात आलं. पार्वतीबाईंनी माझ्या पायावर अर्धा नारळ ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, “बघा. नारळ दिला न्हाई म्हणून आप्पानं गाडी मागं बोलावली.”

सगळे डब्यात बसल्यावर सिद्धरामने गाडी मागे नेऊन सपाटीवरून धाव घेतली आणि इंजिन पूल ओलांडून गेलं, जणू काही झालंच नव्हतं.  मी घरी जायच्या तयारीत होते. शेवटी वीरेश सर म्हणाले की त्यांच्या ओरडण्याने एक माणूस हलला नाही आणि माझ्या एका वाक्याने सगळे हलले, तर गाईड मीच. मात्र यापुढे गाडी आप्पाच्या अलीकडे सपाटीवर, ठरवून थांबेल, आणि प्रवासी कठड्याच्या आत राहतील. पुढच्या रविवारपर्यंत दगडाला कुणीतरी शेंदूर फासला होता!

घरी येऊन मी आईला खरं सांगितलं. की आप्पा-बिप्पा कुणी नाही, भाषण संपलं म्हणून मी बनवलं. आई पोळपाट धूत होती. तिने मान वर केली नाही.

“कुणी का बनवला असंना. डोळे मिटून मी नवस बोललेय, पोरीला हे काम लागलं तर ती वर्षभर सोमवार धरील.”

“अगं, पण तो देवच नाही!”

“काम लागलं ना? मग धर.”

आता रविवारी मी आप्पाची महती सांगते आणि सोमवारी उपाशी बसते. साबुदाणा मागितला तर आई म्हणते, चालतो का ते माहीत नाही. पार्वतीबाईंना फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या, आप्पाला फक्त पाणी चालतं. मी बनवलेल्या देवाचे नियम त्या मला सांगतात! तेव्हा मैत्रिणींनो, कधी देव बनवायची वेळ आलीच, तर उपवासाला काय चालतं तेही त्याच दमात सांगून टाका.