फादर इनासांचा राग

देवाला अरे-तुरे सगळेच करतात. फादर इनास देवाला दरडावत. तेही प्रार्थनेत नव्हे, भर रस्त्यात, मान वर करून, उनाड पोराला दटावावं तसं. "अरे, तुला दिसतंय का काही? की तुझाही शब्बाथ सुरू झाला?"

मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं ते इस्राएलमधल्या अश्दोद शहराच्या बसथांब्यावर. हो, आधी ऐकलं, मग पाहिलं. शुक्रवारची दुपार, शब्बाथ म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस लागण्याआधीची शेवटची बस वेळेआधीच निघून गेलेली, आणि हा बुटका, टक्कल पडलेला माणूस आभाळाकडे बघून अस्सल मराठीत गरजत होता. इथे आपली भाषा कुणाला कळणार, या भरवशावर त्यांनी तोंड मोकळं सोडलं होतं. मागे आमच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू समाजाच्या दोन म्हाताऱ्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "अहो, देवाला कशाला बोलता? ड्रायव्हर लवकर निघाला."

फादर गर्रकन वळले. "तुम्ही मराठी?"

"मग काय फ्रेंच?"

आयुष्यात त्यांना ओशाळलेलं मी त्या दिवशीच काय ते पाहिलं. माझी प्रवासी व्हॅन तिथेच होती. त्यांना याफोला त्यांच्या चर्चपाशी सोडलं आणि तेव्हापासून मी त्यांचा शनिवारचा सारथी झालो.

शनिवारचाच, कारण या देशात रविवार कामाचा दिवस. फादर मूळचे वसईचे. इथे आले होते ते घराघरांत म्हाताऱ्याकोताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या आपल्याकडच्या कॅथलिक बायकांसाठी. त्या काळात अशा बायका विमानं भरून येत होत्या. त्यांना सुट्टी मिळाली तर शनिवारी मिळायची, म्हणून मिस्सा, म्हणजे चर्चची सामूहिक उपासना, तीही शनिवारी, अश्दोदमधल्या एका तळघरात. ते तळघर खरं तर बाँब पडले तर लपायला बांधलेलं. "जागा बरोबर आहे," फादर म्हणायचे. "इथे येणारी प्रत्येक बाई कुणापासून तरी लपूनच येते."

शनिवारी बस नसते, म्हणून माझी व्हॅन. माझ्या बायकोचे सासरे, म्हणजे माझेच वडील, तेव्हा हयात असते तर शब्बाथला पाद्र्याला घेऊन फिरतो म्हणून त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं. मी दाराशी बसून ऐकायचो. प्रवचनाची सुरुवात ठरलेली: "सरळ सांगतो, मला राग आलाय." मग कुणावर ते यायचं. पासपोर्ट कपाटात कोंडून ठेवणाऱ्या मालकांवर. दोन देशांतल्या दलालांवर. स्वतःच्या वरिष्ठांवर तर दर आठवड्याला. "मला इथे क्षमा शिकवायला पाठवलंय," ते ओरडत. "शिकवतो की! पण ज्याला क्षमा करायची त्याला आधी समोर तर आणा!"

एकदा एका मुलीचं बाळ बाप्तिस्म्याला आलं. बाप कोण, कुठे, काही पत्ता नाही. आईबापांच्या लग्नाचा दाखला मागा, असं वरून कुणीतरी सुचवलं. फादर तरातरा येऊन व्हॅनमध्ये बसले. मग माझ्या डॅशबोर्डवर त्यांची मूठ आदळली. "म्हणे दाखला! अरे, पाणी डोक्यावर घालायचंय, दाखल्यावर नाही. आणि ज्यांच्या हातून चूक झाली असेल त्यांना तर जास्तच पाणी लागतं." बाळाचा बाप्तिस्मा झाला. माझा डॅशबोर्ड मात्र तेव्हापासून खुळखुळतो.

मला त्यांचा राग आवडायचा, कारण तो माझाही होता. आमची माणसं कोकणातून मुंबईमार्गे या देशात आली, तेव्हा आम्हालाही इथे 'तुम्ही नक्की कोण?' असं विचारणारे भेटले होते. कारखान्यात, बंदरात मान खाली घालून आम्ही दिवस काढले. आणि आता आमच्यातलीच काही माणसं मालक होऊन दुसऱ्यांना मान खाली घालायला लावत होती.

त्यातला एक किर्यात मलाखी गावचा एलियाहू. भला माणूस, असं सगळे म्हणायचे. सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला पहिल्या रांगेत. त्याच्या आईचा मेंदू म्हातारपणी विझत चालला होता. हिब्रू सगळी पुसली गेली, उरली फक्त मराठी. म्हणून त्याने शोधून शोधून वसईकडची सेलीन नावाची मुलगी आणली. आणली ती आणलीच. आल्यापासून एकही शनिवार तिला मोकळा दिला नाही.

एका शनिवारी सकाळी फादरांचा फोन आला. "गाडी काढ. किर्यात मलाखी."

वाटेत कळलं. सेलीनने आदल्या रात्री चोरून फोन केला होता. तिला कुमसार करायचा होता, म्हणजे पाद्र्याजवळ पापाची कबुली. 'माझ्या हातून काहीतरी झालंय फादर, आता नाही सांगितलं तर मी जगायची नाही,' असं म्हणून ती रडायला लागली. आणि फोनवरची कबुली चर्चच्या नियमात बसत नाही. माणूस माणसासमोर हवा.

"नियम बरोबर आहे रे," फादर दात-ओठ खात म्हणाले. "तारेतून क्षमा होत नाही. पण ज्याने नियम केला ना, त्याला आठवड्याची सुट्टी मिळत असणार!"

एलियाहूने दार उघडलं, साखळी न काढता. "आज शब्बाथ आहे. मी आत्ताच सिनेगॉगमधून आलोय, विश्रांती घेतोय. पुढच्या महिन्यात बघू." दार बंद. कुलपाची किल्ली त्याच्याच खिशात.

मला वाटलं, फादर दार फोडणार. ते जिना उतरून मागच्या अंगणात गेले आणि वर बघून ओरडले, "सेलीन!" पहिल्या मजल्याच्या स्वयंपाकघराच्या गॅलरीत ती आली. चोविशी-पंचविशीची असेल. कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिली.

"मी समोर आहे," फादर म्हणाले. "बोल पोरी."

आता अडचण अशी, की तिचं बोलणं खाली ऐकू यायला तिला आवाज चढवावा लागणार. आणि अंगणात बाकावर आमच्याच समाजाच्या पाच म्हाताऱ्या सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेल्या. मराठी कळणारे दहा कान, आणि दहाही टवकारलेले.

"कान झाका!" फादर त्यांच्या अंगावर धावले. "हे देवाच्या आणि तिच्यामधलं आहे! एक शब्द जरी ऐकलात तर..."

"अहो पादरीबाबा, ओरडता कोणावर?" त्यांची म्होरकी मिलकाबाई उठली. ही एलियाहूच्या आईची बालमैत्रीण. "आमचं अंगण, आमचा बाक. आम्ही कुठं जाऊ? आणि ती पोर का रडते?"

"रडते, कारण तिला तुमच्या त्या धार्मिक माणसाने कोंडलंय!"

मिलकाबाईने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बियांची टरफलं झटकली आणि बाकीच्या चौघींना म्हणाली, "उठा गो. मेंदीची गाणी म्हणा. जोरात. सूर गेला खड्ड्यात."

आणि त्या पाच बायांनी टाळ्या पिटत लग्नाच्या मेंदीची जुनी गाणी सुरू केली. प्रत्येकीचा सूर वेगळा, कडवं वेगळं. असा भयंकर गोंगाट मी कुठल्या लग्नातही ऐकला नाही. तुम्हाला हसू येईल, मलाही आलं असतं. पण वर सेलीनचे ओठ हलत होते, खाली हा तापट माणूस कानामागे तळहात धरून, टाचा उंचावून ऐकत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता. मग त्यांनी काहीतरी सांगितलं. उजवा हात वर केला, हवेत क्रूस काढला. सेलीन खाली बसली, कठड्याआड दिसेनाशी झाली.

ती काय बोलली, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

गोंगाटाने एलियाहू जागा झाला आणि बनियनवर गॅलरीत आला. "हा काय तमाशा? शब्बाथ पाळायचाय की नाही?"

"तूच पाळ!" फादर पुन्हा मूळपदावर आले. "देवाच्या दहा आज्ञांतली तिसरी काय आहे? दासीलासुद्धा विश्रांती दे!"

"ती चौथी आहे," एलियाहू तुसडेपणाने म्हणाला. "आमच्यात चौथी."

"आमच्यात तिसरी!"

"चौथी!"

"मेल्या, तिसरी असो की चौथी," मिलकाबाई कडाडली, "एखादी तरी पाळ! किल्ली टाक खाली. तुझ्या आईपाशी शब्बाथला मी बसेन. आम्ही पाच जणी आहोत. तिचं लग्न आम्ही पाहिलंय, तिला काय आम्ही टाकून देऊ? एकदा तरी विचारलंस आम्हाला?"

एलियाहूने इकडेतिकडे पाहिलं. समोरच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. किल्ली खाली पडली.

त्या दिवशी सेलीन अंगणात बाकावर बसली, इतकंच. कुठे गेली नाही. नुसती उन्हात बसली, आणि मिलकाबाईने तिच्या ओंजळीत बिया ओतल्या. पुढच्या शनिवारपासून ती मिस्साला येऊ लागली. एलियाहूने ठेवून घेतलेला तिचा पासपोर्ट सोडवायला मात्र माझ्या अनेक फेऱ्या झाल्या आणि फादरांच्या घशाची वाट लागली.

त्या दिवशी परतताना मी जिंकल्याच्या तोऱ्यात होतो. एलियाहूला आणखी चार शिव्या हासडाव्यात, फादरांनी त्यात भर घालावी, अशी माझी अपेक्षा. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "दानियल, कुठे फोन दिसला तर थांबव."

पेट्रोलपंपाशी सार्वजनिक फोन होता. फादरांनी खिशातून कार्ड काढलं, लांबलचक नंबर फिरवला. मी काच खाली करून बसलो. आता कोणावर तरी जाळ निघणार, असं मला वाटलं.

"हॅलो? मी इनास बोलतोय, इस्राएलहून. आई जेवली का?... नाही, नाही, तिला देऊ नकोस. ती मला ओळखत नाही आता. तुझ्याशीच बोलायचंय."

त्यांची आई वसईत अंथरुणाला खिळलेली आहे, तिला सांभाळायला एक बाई ठेवली आहे, हे मला तिथे, त्या क्षणी कळलं. इतक्या शनिवारांत त्यांनी कधी आईचं नाव काढलं नव्हतं.

"तुला सुट्टी कधी असते?... आठवड्यात एकही नाही? माझ्या भावाने सुट्टी घ्यायला सांगितलं नाही का?... नाही, चूक तुझी नाही. माझी आहे. मी कधी विचारलंच नाही." पलीकडची बाई बोलत राहिली. फादरांनी कपाळ फोनच्या पेटीवर टेकवलं. "काय?... आई तुला काय म्हणून हाक मारते?"

मागे कुणीतरी हॉर्न वाजवला, तरी फादर वळले नाहीत.

"इनास म्हणते?" ते अगदी हळू म्हणाले. असा आवाज त्यांना आहे, हे मला ठाऊक नव्हतं. "आणि मग तू काय करतेस?... ओ देतेस?... देत जा. देत जा हो, बाई. पण आधी मला तुझं नाव सांग. मला तेही माहीत नाही."