पालथ्या बादलीची कैफियत

श्रीउत्तरवारा प्रसन्न.

अखंडितहिमलक्ष्मीपीडित, बहुमोजेधारी, सकळबदककुळत्रासक राजश्री ओरेस्टराव ह्नाटियुक यांचे पदरचा थर्मासबरदार मायरन याचा सर्व वाचणारांस दंडवत. विशेष. गेल्या मोसमात मौजे वेरेन्का, प्रांत सस्कॅचेवान, मुलूख कॅनडा येथे बदके आणि रानहंस यांवर ज्या मोहिमा जाहल्या, त्यांत कोण जिंकले, कोण भिजले आणि मधली बादली अखेर कोणाकडे राहिली, याविशी गावात नाना अफवा उठल्या, कॉफीच्या दुकानात तर खोट्याचा बाजारच भरला, म्हणोन सेवकाने जे डोळ्यांनी देखिले आणि कानांनी ऐकिले ते लिहिले असे. जेथे स्मरण दगा देईल तेथे कल्पनेची कुमक घेतली आहे, तेवढे पोटात घालावे.

प्रथम गादीचा मजकूर. गावाबाहेर सातूचे शेत, शेताच्या कडेस तळे, तळ्याच्या काठी पाणकणसांचे दाट बेट, आणि त्या बेटात शिकारीस दबून बसायची आमची लपण. लपणीत तीन बादल्या पालथ्या घातलेल्या. उजवीवर जावई राजश्री गार्नेटपंत ओलाफसन, डावीवर हा सेवक, आणि मधलीवर खासा ओरेस्टराव. बादली म्हणाल तर मूळची काकडीच्या लोणच्याची, बूड चिरलेले, बसता करकर वाजणारी आणि थंडीत अंगास झोंबणारी, परंतु तिचा मान ऐसा की, मधल्या बादलीवर जो बसेल त्यानेच हंसांस भुलवून बोलावायची पिपाणी फुंकावी, त्यानेच "उठा!" म्हणोन हुकूम करावा, आणि हुकूम होईतो कोणी बंदुकीस हात लावू नये. आणि दुसरा दस्तूर असा की, तळे गोठण्याअगोदर बादलीच्या धन्याने रानहंसांचा एक तरी थवा आपल्या आवाजाने खाली उतरवावा. न उतरल्यास बिनतक्रार बादली सोडावी. हा दस्तूर खुद्द ओरेस्टरावांनीच तरुणपणी आपल्या चुलत्यास उठविण्यासाठी घातला होता, आणि आता तोच त्यांचे मानगुटीस बसला.

ओरेस्टरावांची अवस्था लिहिणे प्राप्त आहे. वय सत्तरीपार. शेत जावयाचे हवाली केले, गुरे विकली, डोळे मंदावले म्हणोन मोटार चालवायचा परवाना सरकारजमा जाहला. ज्या पुरुषाच्या शब्दावर एके काळी कापणीची यंत्रे हालत, त्यास आता घरात टीव्हीचा आवाज कमी करा म्हणोन हुकूम होऊ लागला. उरली ती ही बादली. ती गेली असती तर ओरेस्टराव जेवले असते, झोपले असते, चर्चमध्येही गेले असते, पण आतून विझले असते, हे सेवक शपथेवर लिहितो.

ऐशात उन्हाळ्यात नातीचे लग्न निघाले. तेव्हा ओरेस्टरावांचे सुभाग्यमंडित कुटुंब स्टेफ्काबाई यांचे फर्मान सुटले, ते येणेप्रमाणे: "फोटोत तुझं ते बोळकं आलं ना, तर फोटो कपाटामागं लावीन. दात बसवून घे आधी." मग दात आले, पांढरे शुभ्र, ओळीने उभे, आणि फोटो नामी निघाला. परंतु ते दात पाहुण्यासारखे होते. तोंडात राहत, पण रमत नसत.

मोसम लागताच बदकांवर पहिली स्वारी जाहली. पहाटेस कूच करून, तळ्यात लाकडी बदकांची बनावट फौज सोडून, आम्ही दबा धरिला. बदके भोळी जात, त्यांस आर्जव फारसे लागत नाही, तस्मात मोहीम फत्ते होत गेली, आणि हिरव्या मानांचे मातब्बर सरदार कैक पडले. या युद्धात आमची कुत्री कपुस्ताबाई, जिचे नावाचा अर्थ कोबी, तिने मोठी मर्दुमकी केली. पडलेले बदक सोडून ती आपल्याच फौजेतील लाकडी बदके एकामागून एक कैद करून आणी, आणि धन्याच्या पायाशी ठेवून शाबासकीची वाट पाही. गार्नेटपंत म्हणाले, "मायरन, हिला नीट सांग रे, आपण कुठल्या बाजूनं आहोत ते." सांगितले. तिने ऐकून घेतले, आणि आणखी एक लाकडी बदक आणिले.

मग रानहंसांचा मोसम आला, आणि आकाश उत्तरेकडून भरू लागले. ऐसी नौबत की थव्यामागून थवा, माना लांब केलेल्या, ओरडत, सातूच्या धसकटांवर घिरट्या घालीत. ओरेस्टरावांनी पिपाणी ओठी लाविली, छाती भरून फुंकर घातली, आणि वरचे दात हालले, आणि हंसाच्या भारदस्त हाकेऐवजी जी बारीक शीळ निघाली ती ऐकून थवा मनी दचकला आणि शेजारच्या प्रांताकडे चालता जाहला.

गार्नेटपंत अदबीने बोलते जाहले, "बाबा, हंस बोलावताय की किटलीला उकळी आलीय?"

"गप रे तू," ओरेस्टराव म्हणाले. "माझी पोर मागायला आलास तेव्हा तुझ्या तोंडातून हवा तरी निघाली होती का? तिनंच बोलणं केलं सगळं."

दुसरे स्वारीस तीच गत. तिसरे स्वारीस दाट धुके पडले, आणि ओरेस्टरावांनी ठरविले की, हंसांस आपण दिसत नाही तर लाजही वाटणार नाही, म्हणोन जोराने शीळ घालीत सुटले. तो बेटामागून झाडोरा मोडल्याचा आवाज आला, जमीन हादरली, आणि धुक्यातून एक मूस प्रकट जाहला. मूस म्हणजे घोड्याहून उंच सांबर, नाक लोंबते, शिंगे खाटेएवढी, आणि तो हंगाम त्याचे प्रेमाचा. त्या शिळेत त्यास काय दिसले ते त्याचे त्यास ठाऊक, पण डोळ्यांत असे आर्जव आणोन ओरेस्टरावांकडे पाहत राहिला की आम्ही तिघे बादल्या टाकून चिखलात पालथे जाहलो. मग मूसमहाराजांनी बनावट हंसांची फौज तुडविली, एक हंस शिंगात अडकवून घेतला आणि खिन्न होऊन निघोन गेले.

चिखलातूनच गार्नेटपंत म्हणाले, "बाबा, स्थळ चांगलं होतं हो. उंची बघितलीत का?"

त्या दिवशी आम्ही इतके हसलो की बरगड्या दुखल्या. ओरेस्टरावही हसले, पण घरी जाताना गाडीत पिपाणी बाहीने पुशीत राहिले.

इकडे गार्नेटपंतांनी नवी पिपाणी आणोन आपल्या गॅरेजात तालीम चालविली होती, आणि खरे लिहिणे भाग आहे, पंत उत्तम वाजवीत. त्यांचे मनी बादली होती. किती वर्षे उजवीकडे बसून हुकुमाची वाट पाहावी, यासही काही हद्द असते. मनी लोभ नव्हता असे लिहिणे खोटे होईल, परंतु दुष्टावाही नव्हता. एकदा मात्र पेट्रोल भरताना सेवकास म्हणाले, "दस्तूर त्यांचाच आहे ना? मग मी का वाईट?" सेवकाने कॉफी ओतून दिली.

मग थंडीने फौज हलविली. तळ्याच्या कडेस बर्फाची पापडी धरू लागली, रोज सकाळी पापडी रुंद होई आणि मधले पाणी आटोपशीर होई. ओरेस्टराव सकाळी उठून तळ्याकडे जात, बुटाचे टोक पापडीवर दाबीत, आणि ती कडाड्कन मोडली की त्यांचे तोंडावर तेवढ्यापुरते तेज येई. अखेर बातमी आली की आता पक्का गारठा येतो आणि शनिवारची पहाट ती शेवटची.

तेव्हा ओरेस्टरावांनी एकट्यानेच मसलत केली. शुक्रवारी स्टेफ्काबाई बटाट्याच्या सारणाचे पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, करीत होत्या, आणि पाठ वळताच ओरेस्टरावांनी मळलेल्या पिठाचा गोळा लंपास करून वरच्या दातांस आतून थापिला, आणि दात असे घट्ट बसविले की हालता हालेनात. चिकटवायची औषधी पेस्ट घरात होती, परंतु, "ज्या पिठानं आमच्या तीन पिढ्या एकत्र ठेवल्या ते दोन दात धरणार नाही होय?" ऐसे ते पुढे बायकोस म्हणाले. यात मोठी चूक होती. पीठ गरम झाले की सैल होते, आणि ओरेस्टरावांनी शनिवारी लपणीत बसताच सेवकाकडोन कढत कॉफी मागोन घेतली.

उजाडले. वारा वायव्येचा, आभाळ खाली आलेले. आणि मग आवाज आला, आधी गावात दूर कुठे लग्नाची वरात असावी तैसा, मग जवळ, मग डोईवर. थवा मोठा, अफाट. ओरेस्टरावांनी आम्हांकडे पाहिले, पिपाणी लाविली, आणि सगळा जन्म पणास लावून फुंकर घातली.

वरचे दात सुटले. पिपाणीसह सुटले. तोफेतून गोळा सुटावा तैसे लपणीबाहेर उडाले, पापडीवर एकदा टप्पा खाऊन मधल्या पाण्यात डुबुक करून बुडाले. कपुस्ताबाईस पिठाचा वास आला, ती पापडी फोडीत झेपावली, बुडी मारिली, आणि मोठ्या अभिमानाने लाकडी बदक घेऊन परतली.

वर थवा वळू लागला. ओरेस्टरावांनी तोंडावर हात ठेविला. त्यांचे डोळ्यांत जे पाणी आले ते वाऱ्याचे नव्हते.

गार्नेटपंतांचे गळ्यात नवी पिपाणी होती. त्यांचा हात तिच्याकडे गेला, हे सेवकाने डोळ्यांनी पाहिले. एक फुंकर आणि बादली त्यांची, कोणी बोट दाखविले नसते. पंतांनी पिपाणी धरिली, आणि ती सदऱ्यात आत सारिली आणि ओरडून म्हणाले, "बाबा, तोंडानं! लग्नात चार पेग झाल्यावर करता तसं! करा!"

"दात नाहीत रे."

"हंसाला तरी कुठं असतात! करा म्हणतो ना!"

मग ओरेस्टरावांनी हात खाली घेतला, मान लांब केली, आणि पोटातून हाक दिली. ती हाक कशी होती ते लिहिता येत नाही. घोगरी, मोठी, जुनी, आणि अगदी एकट्या पडलेल्या हंसाची. वळलेला थवा थबकला. पुढच्याने उत्तर दिले. ओरेस्टरावांनी पुन्हा हाक दिली, त्याने पुन्हा उत्तर दिले, ऐशी वकिली सुरू जाहली, आणि पाहता पाहता पंख ताठ करून, पाय पुढे काढून, सारे आकाश आमच्यासमोर सातूच्या धसकटांवर उतरले.

आम्ही हुकुमाची वाट पाहत होतो. हुकूम येईना. हंस चालू लागले, दाणे टिपू लागले, आपसांत भांडू लागले.

"बाबा," गार्नेटपंत कुजबुजले, "हुकूम द्या ना. बोटं गोठली."

ओरेस्टराव म्हणाले, "थांब रे जरा. बघू दे." दातांवाचून उच्चार जसा जाहला तसा लिहिणे अदबीस सोडून, म्हणोन शुद्ध करून लिहिले.

आणि आम्ही पाहत राहिलो. सेवकास हसू येत होते आणि रडू येत होते, आणि दोन्ही दाबल्याने उचकी लागली. हंसांनी माना वर केल्या. तेव्हा ओरेस्टराव बादलीवरोन उभे राहिले आणि गरजले, "उठा!" मग बंदुका वाजल्या, पंखांचा एकच कल्लोळ उठला, मोजके हंस पडले, बाकीचे शिव्या देत दक्षिणेस निघोन गेले. आणि कपुस्ताबाईने, मोसमात प्रथमच, खरा हंस आणिला.

संध्याकाळी तळे पुरते गोठले आणि दात आत राहिले. त्याच संध्याकाळी गार्नेटपंतांचे घरी विजयाची मेजवानी जाहली. स्टेफ्काबाईंनी हंस भाजून आणिला, कातडी तांबूस, चरबी तडतडणारी, आणि सर्व मंडळी तुटोन पडली. ओरेस्टरावांचे पुढे मात्र बटाट्याचा लगदा. ज्याने थवा उतरविला त्यास घास चावेना. ते हसून सर्वांस म्हणत होते, "खा, खा, मला भूक नाही."

तो गार्नेटपंत पंगतीतून उठोन स्वयंपाकघरात गेले, आणि तेथून दांडा फिरविल्याची घरघर ऐकू येऊ लागली. मग ते खिमा करायच्या यंत्रातून काढलेले हंसाचे मऊसूत मांस, वर परतलेला कांदा आणि आंबट साय घालून, ताटलीत घेऊन आले आणि सासऱ्यापुढे ठेवून म्हणाले, "घ्या बाबा. पहिला मान तुमचा."

ओरेस्टरावांनी चमचाभर तोंडात घातले. सगळी पंगत थांबली.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

मीठ कमी होते हे खरे. परंतु त्यांनी ताटली पुसून खाल्ली, बाहीने डोळे पुसले, आणि रिकामी ताटली जावयापुढे सरकविली. स्टेफ्काबाईंनी मीठ पुढे केले. गार्नेटपंतांनी ताटली उचलली आणि फिरोन यंत्राचा दांडा फिरवावयास गेले. येणेप्रमाणे फत्ते जाहली, मधली बादली ओरेस्टरावांकडे कायम राहिली, ते नमूद केले असे.