चोथ्याची काळजी

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तिबिलिसीला निघताना ओतियाने रांजणांच्या खोलीची किल्ली पट्ट्यातून सोडवली आणि जावयाच्या तळहातावर ठेवली. म्हणजे दोनदा ठेवून परत उचलली, आणि मग एकदाची ठेवली.

"कोपऱ्यातल्या रांजणात यंदाच्या द्राक्षांचा चोथा आहे," तो म्हणाला. "वर झाकण, झाकणावर ओली माती. मी येईपर्यंत हात लावायचा नाही. आलो की भट्टी लावू."

"नाही लावत," गुराम म्हणाला.

"उघडून बघायचंसुद्धा नाही."

"तुम्ही काळजी करू नका, बाबा."

"तुझ्या हातात दिली, आता काळजीशिवाय दुसरं काय करणार?" असं म्हणून ओतिया मुलीचा हात धरून गाडीत बसला. ती मुलगी म्हणजे तिनिको, गुरामची बायको. घरी राहिले गुराम आणि त्याची सासू नातेला.

गुराम घरजावई. आमच्या काखेती प्रांतात घरजावयाचा मान घरच्या कुत्र्याच्या खालोखाल असतो, आणि ओतियाचं कुत्रं तर फारच हुशार होतं. त्यातून गुराम वाढला रुस्तावी शहरात, पोलाद कारखान्यामागे. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी रांजणातून वाईन काढायची त्याला परवानगी नव्हती; रिकाम्या सुरया धुऊन आणायची होती. चोथा सांभाळला, ओतियाने त्यातून पहिल्या धारेची चाचा, म्हणजे आमची गावठी दारू, गाळली, की गावात मान वर करून चालता येणार होतं. नाहीतर जन्मभर सुरया धुणं होतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरामच्या मनात आलं, झाकण नीट बसलं असेल ना? त्याने माती खरवडली, झाकण उचललं, वास घेतला. छान होता. परत झाकण, परत माती. तिसऱ्या दिवशी त्याला वाटलं, सासऱ्यांनी लावलेली माती घट्ट होती, कालची तर आपण लावलेली. म्हणून पुन्हा उघडून पाहिलं. मग तो रोजच बघू लागला, आणि वारा रोजच आत जाऊ लागला. अति तिथे माती म्हणतात. इथे मातीच कमी पडली.

एका सकाळी झाकण उचलल्यावर त्याच्या डोळ्यांतून पाणीच आलं. चोथ्याला व्हिनेगरचा भपकारा सुटला होता आणि वर पांढरी बुरशी धरली होती. याची चाचा होणं शक्य नव्हतं. गुराम तिथेच रांजणाच्या काठाशी मटकन बसला.

नदीत टाकावा तर अख्खं गाव बघणार. उकिरड्यावर टाकावा तर सासूबाई बघणार. नशिबाने त्या दिवशी नातेला शेजारच्या गावी वर्षश्राद्धाच्या जेवणाला गेली होती. परसात तिने नुकताच लावलेला लसणाचा वाफा होता, माती भुसभुशीत होती. मातीतलं मातीत जाईल, वर खतही होईल, असा गुरामने हिशेब केला. सगळा चोथा त्याने ओळींवर पसरला, कुदळीने हलकेच मिसळला आणि वर पेंढा अंथरला. मग रांजण घासून धुऊन झाकण मातीने पक्कं बंद केलं. इतकं पक्कं त्याने आधी केलं असतं तर ही गोष्ट घडलीच नसती.

काही दिवसांनी कुंपणापलीकडे शेजारणीचा, मक्वालाचा लसूण तरारून वर आला. नातेलाच्या वाफ्यात एक कोंब दिसेना. पाकळ्या मक्वालानेच दिल्या होत्या, म्हणून नातेला कुंपणाशी गेली.

"काय गं, पाकळ्या उकडून दिल्या होत्यास का?"

"उकडायला माझं सरपण जास्त झालंय का? तुझ्या हाताला उगवत नाही त्याला मी काय करू?"

"जन्मभर उगवतंय या हाताला."

"मग आता म्हातारा झाला असेल."

त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. आता गुरामची पंचाईत झाली, कारण चाचा गाळायची गल्लीतली एकुलती एक तांब्याची भट्टी मक्वालाच्या घरी होती; ती मिळाली नाही की सासरे भांडणाचं मूळ शोधत थेट वाफ्याशी येणार. भांडण मिटवायचं तर लसूण उगवायला हवा, असं ठरवून त्याने वाफ्याला भरपूर पाणी सोडलं. चोथ्याचा आंबट अर्क वाहत खालच्या वाफ्यात गेला आणि दोन दिवसांत पालकही पिवळा पडला.

"नजर लागली," नातेला म्हणाली. ती चर्चमध्ये मेणबत्ती लावून आली आणि वाफ्याकडे बघत पायरीवर बसली. "माझ्या आईपासून या जागेत लसूण होतोय. माझ्याच हाताला काय झालं रे, गुराम?"

सांगून टाकायला गुरामने तोंड उघडलं, तेवढ्यात फोन वाजला. ओतिया होता.

"चोथा काय म्हणतोय?"

"घरातच आहे, बाबा."

"वास?"

"येतोय. चांगलाच येतोय."

"शनिवारी पोचतो. मक्वालाला सांग भट्टी काढून ठेव."

शनिवारी ओतिया एका डोळ्यावर पट्टी बांधून उतरला आणि कोट न काढता थेट रांजणांच्या खोलीत शिरला. मागोमाग तिनिको, नातेला आणि हातगाडीवर भट्टी घेऊन मक्वाला.

"मी फक्त ओतियादादासाठी आलेय," मक्वाला भिंतीकडे बघत म्हणाली.

ओतियाने झाकण उचललं. आत वाकला. पट्टी सरकवून दुसऱ्या डोळ्यानेही पाहिलं. रांजण लख्ख होता.

"जावईबापू," तो अगदी हळू म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून आजवर कधी आला नव्हता. गुरामने परसाकडे बोट दाखवलं.

"लसणाखाली आहे, बाबा. बिघडला होता. मी रोज उघडून बघत होतो."

सगळे वाफ्याकडे धावले. ओतियाने पेंढा बाजूला करून मूठभर चोथा हुंगला आणि त्याचे डोळे भरून आले.

"ताजा चोथा पेरलेल्या वाफ्यात?" मक्वाला म्हणाली. "अरे बाबा, मुळं जाळतो तो. वर्षभर कुजवल्यावर खत होतं. शेळीलासुद्धा ठाऊक आहे."

"शेळी इथली आहे," गुराम पुटपुटला.

नातेलाने मक्वालाकडे पाहिलं, मान खाली घातली. "पुन्हा थोड्या पाकळ्या देशील? दुसऱ्या वाफ्यात लावते."

"उकडून देऊ की तशाच?" मक्वालाने विचारलं, आणि दोघींचं बोलणं सुरू झालं.

"पाकळ्यांचं काय घेऊन बसलात?" ओतिया ओरडला. "माझी चाचा गेली!"

"डॉक्टरांनी तसंही एक थेंब नको सांगितलंय, बाबा," तिनिको म्हणाली. "रक्तदाबामुळे."

"हे तू आत्ता सांगतेस? सगळ्यांसमोर?"

"तुम्हीच म्हणालात ना, घरी गेल्यावर बघू."

नातेला अजून वाफ्याकडेच बघत होती. एव्हाना दरवर्षी इथे तण माजायचं आणि ती कंबर धरून खुरपत बसायची. यंदा लसूण नव्हता, पण तणाची काडीही नव्हती. तिने वाफा बघितला, दारापासून फाटकापर्यंत तणाने भरलेली वाट बघितली, मग नवरा बघितला.

गुरामने मान खाली घालून किल्ली सासऱ्यांपुढे धरली. ओतियाने हात पुढे केला. त्याआधीच नातेलाने ती उचलली आणि गुरामच्या खिशात टाकली.

"किल्ली यापुढे तुझ्याकडेच. पुढच्या वर्षीही चोथा तूच सांभाळ. रोज उघडून बघ, अगदी असाच. बिघडला की सगळा वाटेवरच्या तणावर टाकू."

"अगं, मुद्दाम बिघडवायचा?" ओतिया कळवळला.

"मुद्दाम कशाला? तो सांभाळेल की."

तिनिकोने हसू दाबत नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. ज्या किल्लीसाठी जीव टांगणीला लागला होता ती अखेर गुरामच्या खिशात होती. त्याने ती बाहेरून चाचपली आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

"आता काय झालं?" तिनिकोने विचारलं.

"काही नाही गं," गुराम म्हणाला. "पुढच्या वर्षी बिघडलाच नाही तर?"