आधी मामांचा घास

चोपड्याला नदीकाठच्या आमच्या वाड्यावर कुणाच्याही घरी तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, शिजल्या की पहिला घास आपामामांचा. बोलावणं लागत नाही. फोडणीचा वास सुटला की मामा दारात हजर.

"वयनी, आधी मी, मागीर तुमी!"

उभ्याउभ्या चार शिंपले उघडायचे, आतलं मांस डोळे मिटून गिळायचं आणि ओट्यावर जाऊन बसायचं. आत पोरं पानावर ताटकळलेली. बऱ्याच वेळाने कुणीतरी विचारायचं, "मामा, कसं वाटतंय?"

"जिवंत आसंय. जेवा!"

याला कारण आमची नदी. "पूर्वी पाऊस जावयासारखो सांगून येय," मामा म्हणतात, "आता धाडीसारखो येता." एकदाच कोसळतो, डोंगरावरची माती आणि शेतांतलं खत व्हाळांतून नदीत लोटतो आणि मग कडक ऊन. कोमट पाण्यावर शेवाळाची तांबूस साय धरते, मासे उलटे तरंगतात. मासेमारी खात्याचा एक साहेब बजावून गेला होता: असल्या शेवाळाचं विष शिंपल्यांत उतरतं, शिजवूनही जात नाही. ओठांना मुंग्या आल्या तर तडक डॉक्टर गाठा. त्या दिवसापासून मामांनी ही नोकरी धरली. बिनपगारी, पण जेवणासकट.

हा निव्वळ खादाडपणा, असं माझं ठाम मत होतं. एकदा शेवाळाच्या सायीने नुकतीच पाठ सोडली होती, नदी निवळलेली दिसत होती आणि बायको माहेरी. मी दारंखिडक्या लावून स्वतःच तिसऱ्या शिजवल्या. बांगड्यात पडतात तशी मूठभर तिरफळंही टाकली. चव नको?

दोन घासांत ओठ बधिर. जिभेला मुंग्या. मी अंगणात येऊन बोंब ठोकली, "मामा, मी मेलो!"

मामा धावत आले. "रिक्षा हाडा रे!" असं ओरडत आत शिरले आणि कुणी अडवायच्या आत टोपातला घास तोंडात घातला. चावले. थांबले. दाण्याचं काळं साल तळहातावर थुंकले.

"गाढवा! तिसऱ्यांत तिरफळां कोण घालता? जीभ बधिर करतत ती!"

सगळा वाडा हसला. बधिर ओठांनी जमेल तितका मीही हसलो. रिक्षा आली तशी परत गेली, माणसं पांगली. मामा मात्र ओट्यावरून उठेनात.

"तिरफळच होतं ना मामा? मग बसलात कशाला?"

"तिरफळाचा कळला. तिसऱ्यांचा अजून खंय कळला?"

"आणि विष असतं तर? तुम्ही का खाल्लंत?"

मामा नदीकडे बघत म्हणाले, "तुका काय झाला तर तुझी बायल वाट बघतली. गावभर माका मामा म्हणता, पण सख्खो भाचो एक नाय. माझ्या पानार वाट बघणारा कोण आसा रे? तेवढो एक घास माझो."

मी उठलो. आत जाऊन तिसऱ्यांचा टोप बाजूला सारला, भात लावला, सोलकढी केली. दोन पानं मांडली आणि मामांना हात धरून आत आणलं.

"आज आधी-मागीर नाय मामा. दोघं एकदम."

मामांनी सोलकढीची वाटी नाकाशी धरली. मग हळूच म्हणाले, "कढीत तिरफळ नाय मां?"