थंड खांबाचा ठराव

प्रवासाने माणसाची दृष्टी विशाल होते, परंतु गुडघे दुखतात, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. दृष्टीबद्दल आजवर एकाही प्रवाशाने लेखी तक्रार केलेली नाही. गुडघ्यांबद्दलच्या तक्रारींनी मात्र सहल कंपनीचं एक कपाट भरलं. तेव्हा कंपनीने सर्वेक्षण केलं. शंभरातले ब्याण्णव प्रवासी इतिहासाने नव्हे, तर पायऱ्यांनी दमतात असं आढळलं. (उरलेले आठ प्रश्न संपायच्या आत झोपी गेले, त्यांची गणना 'समाधानी' या सदरात केली.) यातूनच 'निवांत राजधानी दर्शन' ही वातानुकूलित बससहल जन्माला आली.

सुधारणा टप्प्याटप्प्याने झाल्या. आधी पायऱ्या वगळल्या. मग उतरणंच वगळलं, कारण उतरलेल्याला पुन्हा चढावं लागतं. उन्हाने डोळे दिपतात म्हणून पडदे लावले, आणि पडद्यांमुळे काही दिसेना म्हणून पुढे मोठा टीव्ही बसवला. टीव्हीवर राजवाडा इतका छान दिसू लागला की बस शहरभर फिरवणं ही निव्वळ डिझेलची नासाडी ठरली. हल्ली बस राजवाड्याच्या मागच्या भिंतीला खेटून उभी असते. प्रवासाचा भास व्हावा म्हणून ड्रायव्हर इंजिन चालू ठेवतो आणि मधूनमधून हॉर्न वाजवतो. (वळणांवर प्रवाशांनी आपापलं डुलावं, अशी अपेक्षा आहे. बहुतेक जण डुलतच असतात.)

अशा या सर्वांगसुंदर सोयीत एका बाईंनी मिठाचा खडा टाकला. बाई इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. "दरबारातले खांब भर उन्हाळ्यातही बर्फासारखे थंड लागतात," असं त्या नोकरीभर मुलांना शिकवत आल्या होत्या. पुस्तकात तसंच होतं. राजवाडा मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. आधी मुलं लहान होती, मग सासूबाईंचं आजारपण, मग पेपर तपासणी. एकदा त्या खांबाला हात लावायचा, एवढ्यासाठी त्यांनी नवऱ्याच्या मागे लकडा लावून ही सहल ठरवली होती. बसल्या बसल्या मान मोकळी करताना त्यांच्या हाताने पडदा सरकला, आणि हातभर अंतरावर खरीखुरी भिंत दिसली.

"अहो, हा बघा राजवाडा! चला, उतरू या."

"अगं, गप बस ना," यजमान म्हणाले. "टीव्हीवर आत्ता दरबारच चाललाय. इतक्या जवळून तुला तिथेही दिसायचा नाही."

"जन्मभर खांब थंड, खांब थंड म्हणून घसा कोरडा केला मी. एकदा हात लावून येते. पाच मिनिटांत."

गाईडने नियम नम्रपणे समजावला. एक प्रवासी उतरला की बसून राहिलेल्यांना उगाच अपराधी वाटतं आणि निवांतपणाचा भंग होतो. सबब मतदान घेणं भाग आहे. हात वर करणं हेही श्रमाचंच काम, म्हणून झोपलेल्यांची मतं परस्पर विरोधात धरण्यात आली. यजमान तटस्थ राहिले. (संसार करायचा आहे शेवटी.) परवानगी नाकारली गेली. मग गाईड चहा प्यायला उतरला, दार उघडं राहिलं, आणि बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा शिस्त मोडली.

दरबारात चिटपाखरू नव्हतं. उंच खिडक्यांमधून दुपारचं ऊन थेट खांबांवर पडलं होतं. बाई पुढे झाल्या आणि त्यांनी तळहात टेकवला. खांब गरम होता. चांगला तापलेला, नुकत्याच उतरवलेल्या पातेल्यासारखा. बाईंना आधी हसू आलं, मग रडू. इतक्या वर्षांत एखाद्याने पेपरात 'गरम' लिहिलं असतं, तर त्यांनी लाल शाईने भोपळा दिला असता! तरीही इतका आनंद त्यांना कधी झाला नव्हता, कारण एवढी एक गोष्ट आता त्यांची स्वतःची होती.

"अहो, खांब गरम आहे!" बाई धापा टाकत बसमध्ये शिरल्या.

सगळी बस जागी झाली. टीव्हीवरचा भारदस्त आवाज नेमका तेव्हाच खांबांची शीतलता वर्णन करत होता. "बाई, असं कसं म्हणता?" चहा पिऊन परतलेला गाईड कळवळला. "मी रोज थंड सांगतो."

"मग चला ना कुणीतरी! हात लावून बघा!"

कुणी जागचं हललं नाही. पुन्हा मतदान झालं. या खेपेस श्रमांची पर्वा न करता भराभर हात वर गेले, कुणाला पुन्हा डुलकी लागली होती त्याचा हात शेजाऱ्याने उचलून धरला, आणि खांब थंड असल्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. (बाई गैरहजर धरण्यात आल्या.) यजमानांचाही हात वर होता. बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, पर्स उचलली आणि पुन्हा खाली उतरल्या.

वाचकहो, तुम्ही अर्थातच बाईंच्या बाजूने आहात. खांब गरम होता याबद्दल तुमच्या मनात तिळमात्र शंका नाही, कारण मी तसं सांगितलं. मी मागच्या सीटवर होतो. उतरलो नव्हतो. आणि माझाही हात वर होता.