सेलिनची मधली खुर्ची

आधीच सांगून ठेवतो, यातलं एक अक्षर तुम्हाला पटणार नाही. बहारीनहून परतल्यापासून ही हकीकत ज्याला ज्याला सांगितली, त्याने मला लबाड ठरवून वर चहाही माझ्याच पैशाने घेतला. तरी ऐका.

परदेशात माणसाला तीन गोष्टी लागतात: व्हिसा, एसी आणि आपल्या माणसांचं मंडळ. पहिल्या दोन बिघडल्या तर दुरुस्त होतात.

आमचं वसई-कोकण स्नेहमंडळ बहारीनच्या राजधानीत, मनामात होतं. साल ब्याऐंशी. सेलिन तिथल्या एका इस्पितळात नर्स होती. तिची मावसबहीण मॅगी बाळंत झाली, मुलगी झाली, आणि मॅगीने धर्ममाता म्हणून सेलिनचं नाव घेतलं. सेलिनला हा मान पगारवाढीहून मोठा वाटला. सूकमधून, म्हणजे तिथल्या बाजारातून, लेस आणून ती ड्यूटीनंतर बाप्तिस्म्याचा पांढरा झगा शिवायला बसू लागली. बाळ धरायची तालीम ती उशीवर करी. (एरवी शिफ्टमध्ये डझनभर बाळं तिच्या हाताखालून जात. पण हे बाळ वेगळं होतं.)

घोटाळा झाला तो मॅगीच्या एका साध्या प्रश्नामुळे. पूर्वी सेलिनचं व्हॅलेरियनशी लग्न ठरलं होतं. तो कॅनडाला गेला, लग्न मोडलं, आणि सेलिनने अन्न टाकलं. आता ती ईसा टाउनच्या एका शाळेत शिकवणाऱ्या शुभदाबरोबर फ्लॅटमध्ये राहत होती, आणि शुभदा सुट्टीवर गावी गेली की सेलिनचं अन्न पुन्हा तसंच सुटे. मॅगीने विचारलं, "तुझं नक्की काय गो? तो की ही?"

सेलिनला खोटं बोलता येत नसे. हा दोष तिला फार नडला. ती म्हणाली, "तोही खरा होता. हीसुद्धा खरी आहे."

मॅगीने हे गुपित कसोशीने पाळलं. एका बाईला दोनदा म्हणून सांगितलं नाही.

मंडळाची तातडीची सभा भरली. अध्यक्ष हिलरी हा अत्यंत न्यायी माणूस. त्याने स्पष्ट केलं की वाईट वागण्याला मंडळाची मुळीच हरकत नाही. मंडळात बायकोवर हात उचलणारे दोन सभासद होते, आणि शिवाय एक खजिनदार होता. पण ही माणसं एक काय ते ठरवून वाईट वागत. सेलिननेही दोन्हीपैकी एक जाहीर करावं, म्हणजे नावं ठेवणाऱ्यांची सोय होईल. "एक काहीतरी सांग नि खलास कर," तो म्हणाला. सेलिन म्हणाली, सांगून झालं.

त्यावर मंडळातल्या एडनाने निदान केलं: ही गोऱ्यांची लागण आहे. इस्पितळात दोन इंग्रज नर्स कित्येक वर्षं एका घरात, एका कुत्र्यासकट नांदत होत्या. तिथूनच आली असणार.

सेलिनलाही वाटलं, निदान त्यांना तरी कळेल. ती त्यांच्याकडे गेली. त्यांनी चहा दिला आणि प्रेमाने समजावलं की इंडियन मुलींत असं काही नसतं, तुम्ही लोक कुटुंबवत्सल, तुला घरची आठवण येत असेल. मग बोलण्यात व्हॅलेरियनचं नाव आलं, तसा त्यांनी तिचा कप अर्धा असतानाच उचलला.

म्हणजे गोऱ्यांच्या मते हे सावळ्या कातडीत होत नव्हतं आणि मंडळाच्या मते गोऱ्या कातडीखेरीज होत नव्हतं. दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांनुसार सेलिन अस्तित्वातच नव्हती. (रेसिडेन्स कार्ड तेवढं चालू होतं.)

पुढचा पेच बसण्याचा. मंडळाचे कार्यक्रम झल्लाकच्या किनाऱ्यावर होत, आणि तिथे बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला बसत. सेलिनला पुरुष आवडू शकतात, म्हणून बायकांना ती पुरुषांकडे नको. बायका आवडू शकतात, म्हणून नवऱ्यांना ती बायकांकडे नको. समितीने तोडगा काढला: तिची खुर्ची मधोमध, आइसबॉक्सजवळ. पहिल्याच शुक्रवारी लक्षात आलं, की त्या उन्हात थंड प्यायला सगळं मंडळ तिच्यापाशी येतंय, आणि ती हसून बाटल्या काढून देतेय. मंडळाने कणखर निर्णय घेतला. आइसबॉक्स हलवला.

सेलिनने झगा मात्र पुरा केला. रात्री शुभदाने गुंड्या लावल्या. मग ती म्हणाली, जाऊ नकोस. सेलिन म्हणाली, बाळाने माझं काय केलंय?

आणि मग बाप्तिस्म्याचा दिवस. चर्चमध्ये बाळाने असा काही टाहो फोडला की एडना घाबरली, मॅगी घाबरली, पाद्रीसाहेब दोन पावलं मागे सरले. तेव्हा हिलरी उठला. सगळ्यांदेखत सेलिनपुढे हात जोडून म्हणाला, "चुकलं आमचं, माफ कर." सेलिनने बाळ घेतलं आणि बाळ गप्प झालं. मग किनाऱ्यावर बायकांनी तिला मध्ये बसवून—

"खोटं," जॅसिंता म्हणाली.

जॅसिंता म्हणजे मॅगीची लेक, तेच बाळ. आता मोठी झालीय, आणि मघापासून तुमच्यातच बसून ऐकत होती.

"धर्ममाता म्हणून मला एडना आंटीने धरलंय, अंकल. अल्बममध्ये किनाऱ्यावरचा फोटो आहे. अंगात हा लेसचा झगा, आणि मागे उन्हात एक खुर्ची. एम्प्टी."

मी म्हटलं, पोरी, पटणार नाही हे पहिल्या वाक्यातच बजावलं होतं.

"बाकी सगळं पटलं की. कप काढून घेतला, आइसबॉक्स हलवला, तेव्हा इथे कुणी तुम्हाला अडवलं का? सगळे हसत माना हलवत होते. त्यांनी माफी मागितली म्हणालात ना, तेव्हा कळलं की थाप आहे."